कोडिंग इंटरव्ह्यूची तयारी: तोंडाने बोलत सोडवा

आधी एक भाषा पक्की करा. जावा, पायथन, सी++ यांपैकी कोणतीही चालेल, पण तिच्यातले ॲरे (क्रमाने ठेवलेल्या गोष्टींची रांग), स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आणि हॅशमॅप (ठेवलेली गोष्ट लगेच शोधून देणारा साठा) गुगल न करता लिहिता आले पाहिजेत.

मग रोज एक प्रश्न घ्या आणि तो वहीत सोडवा. कोड लिहायचा एडिटर अर्धा कोड स्वतःच पुरा करतो, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत राहतं.

सोडवताना मोठ्याने बोला. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण समोरच्याला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही. एक नेहमीचा प्रश्न घेऊ: ३, ८, ११, ५ या आकड्यांत बेरीज १६ होणारी जोडी शोधा. आधी साधा मार्ग सांगा, की प्रत्येक जोडी तपासेन. लगेच त्याची किंमतही सांगा: १ लाख आकडे असतील तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. मग सुधारणा: पाहिलेला आकडा हॅशमॅपमध्ये ठेवत जाईन. ३ आला, १३ हवा, नाही, ३ ठेवला. ८ आला, ८ हवा... इथे थांबा. आधी ठेवून मग शोधलंत तर ८ स्वतःशीच जोडी जमवेल आणि उत्तर चुकेल. म्हणून आधी शोधा, मग ठेवा. पुढे ११ ला ५ सापडत नाही, पण ५ ला ११ सापडतो. एका फेरीत काम झालं. ही खाच तुम्ही आपणहून दाखवलीत की समोरचा खरंच कान देऊन ऐकतो.

इंग्रजीत अडखळत असाल तर आधी मराठीत बोलून सोडवा, मग तेच इंग्रजीत सांगा. विचार सुटा झाला की शब्द येतात.

एसक्यूएलसाठी (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) दोन छोटी टेबलं कागदावर काढा: विद्यार्थी आणि त्यांनी नेलेली पुस्तकं. एकही पुस्तक न नेलेला विद्यार्थी इनर जॉइनमध्ये (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच ठेवणारी जोडणी) गळतो, विद्यार्थ्यांचं टेबल आधी घेतलं तर लेफ्ट जॉइनमध्ये (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) राहतो. हे हाताने करून पाहा.

रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर दोन प्रश्न स्वतःला विचारा. प्रोजेक्ट चौघांनी केला असेल, तर त्यातलं ‘मी’ काय केलं ते ठरवून ठेवा. न येणारी गोष्ट लिहिली असेल तर आजच खोडा.

शेवटच्या आठवड्यात मित्राला समोर बसवून ४५ मिनिटांचे दोन-तीन सराव इंटरव्ह्यू द्या. अडलात तर गप्प बसू नका. काय करून पाहिलं आणि कुठे अडलंय ते सांगा, हिंट मागा.