सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही: पडवीत उभ्या राहिलेल्या जुन्या मोटरसायकलसाठी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शृंगारतळीला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या यांच्या मोटारी भरणं हा माझा धंदा. पण गावात एक जण पाना धरतो म्हटल्यावर दुचाक्याही दारात येतातच. गेल्या श्रावणात भाच्यानं जुनी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. "मामा, सेल्प मारून मारून अंगठा दुखाया लागला, इंजिन फिरतंय पन पकडत नाय."

गाडी १२५ सीसीची, २०१५ ची, कार्बोरेटरवाली. आधीचा मालक मुंबईचा चाकरमानी. गणपतीला आणि शिमग्याला गावी आला की चार दिवस फिरवायची, बाकी वर्षभर पडवीत ताडपत्रीखाली. मीटरवर जेमतेम नऊ हजार किलोमीटर, म्हणून भाचा खूश होता. आमच्याकडे अशा गाड्या पुष्कळ विकायला निघतात. त्या रंगानं छान दिसतात आणि टायरची नक्षीही शाबूत असते. बिघाड असतो तो उभं राहिल्याचा. पेट्रोल आटतं, तांब्या-पितळेला हिरवा गंज धरतो, बॅटरी आतून मरते, आणि उंदीर काय करतात ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी बटणावरचा अंगठा काढा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबू नये, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावा, आणि चार-पाच वेळा नाही झालं तर थांबावं. भाच्याच्या सेल्फ मोटारीला हात लावला तर चटका बसला. त्या एवढ्याशा मोटारीचं वाइंडिंग थोडा वेळ फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. जळलेल्या वार्निशचा वास मी रोज घेतो, आणि तो वास तुमच्या गाडीतून यावा असं मला वाटत नाही. शिवाय दर खेपेला आत पेट्रोल ओढलं जातं आणि न पेटता प्लग भिजवतं, म्हणजे मूळ बिघाडावर दुसरा चढतो.

आता एकच प्रश्न धरून चालायचं: करंट नाही, पेट्रोल नाही, की हवा आणि दाब नाही? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. भाच्यानं येतानाच नवा सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट वेळेवर सोडणारी विजेची डबी, आणला होता, कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून. विजेचा पार्ट एकदा पाकिटातून काढला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

फुकटातल्या गोष्टी आधी. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, असेल तर तो बघा. काही गाड्यांत तो बंद असला तरी सेल्फ फिरतो आणि फक्त करंट तुटतो. पेट्रोलचा कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर टाकून काही फरक पडतो का? टाकीचं झाकण उघडून टॉर्चनं आत बघा आणि वासही घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो, जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस दर्प येतो. तसा आला तर ते पेट्रोल काढून टाका.

मग प्लग. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून किंवा ब्रशनं साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग बाहेर आला की त्याच्याकडे नीट बघा, निम्मं उत्तर तिथेच असतं. एवढा सेल्फ मारूनही प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ते पेटत नाही. काळी भुकटी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.

भाच्याचा प्लग ओला होता, म्हणून आधी करंट बघितला. पद्धत अशी. प्लग पुसून कोरडा करा, त्याच्या वायरीच्या टोकाला असलेल्या कॅपमध्ये बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. रंगावर टेकवून चालत नाही. प्लगच्या भोकावर जाड फडकं टाका आणि प्लग त्या भोकापासून जमेल तेवढा लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी तिला पेटवू शकते. प्लग हातात धरू नका, आणि अधांतरी ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉईल आणि सीडीआयवर ताण येतो. सावलीत बघा. निळसर, जाडसर ठिणगी चट् चट् आवाज करत पडली तर करंट चांगला. पिवळट-नारिंगी आणि चुकतमाकत पडली तर ती उघड्यावर दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते.

आमची ठिणगी नारिंगी होती. नवा प्लग लावला, तरी तीच. मग कॅप धरून उलटी फिरवली. बहुतेक गाड्यांत ती वायरीवर स्क्रूसारखी बसते. आत बघितलं तर तांब्याच्या तारांवर हिरवी पूड. बोटांत चोळली तर तारांचे तुकडेच गळून पडले. कोकणच्या दमट हवेत आठ-दहा पावसाळे काढलेल्या वायरीचं हे असंच होतं. वायर सात-आठ मिलिमीटर छाटली, आत चकचकीत तांबं दिसलं, तिथे कॅप पुन्हा घट्ट पिळली. कॅपच्या पोटात बहुधा साधारण ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टिमीटर असेल तर मोजा. आकडा भलताच वर गेला किंवा मीटर हललंच नाही, तर कॅप बदला. ती फार महाग नसते.

ठिणगी सुधारली, पण पुरती निळी होईना. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळ जण फसतात: सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, असं नसतं. ज्या गाड्यांचा सीडीआय बॅटरीवर चालतो, तिथे सेल्फ आणि ठिणगी एकाच ताटात जेवतात. मरायला टेकलेली बॅटरी मोटार कशीबशी फिरवते आणि ठिणगीला काही उरवत नाही. मीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. मग सेल्फ मारताना आकडा बघा. आमचा ८.७ वर आला. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करून बघा आणि तरीही तसंच झालं तर बदला. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा अगदी मिणमिणता झाला तर समजा. किक असेल तर किक मारून बघा, सेल्फनं न होणारी गाडी किकला होते ती याचमुळे. दुकानातल्या चांगल्या बॅटरीला जोडल्यावर ठिणगी निळी पडली.

प्लग बसवला, सेल्फ मारला. एकदा फुर्र केलं आणि बंद. भाच्याचा चेहरा पडला, पण मला बरं वाटलं. पेटतंय हे कळलं. चोक ओढला की दोन सेकंद चालायची, चोक सोडला की जायची. हे लक्षण घोटून ठेवण्यासारखं आहे. चोकवर चालते आणि एरवी बंद पडते, म्हणजे पायलट जेट तुंबलंय, कार्बोरेटरमधलं मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं.

कार्बोरेटरला हात घालण्याआधी खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या पेल्यात घ्या. मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी किंवा पेटती चूल नको. कॉक चालू ठेवून बघा: धार सलग येत राहिली पाहिजे. थोडी येऊन थांबली तर टाकीचं झाकण उघडा. उघडल्यावर धार सुरू झाली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. तरीही नाही तर कॉकची जाळी किंवा वाटीतली सुई अडकली आहे. पेला पाच मिनिटं तसाच ठेवा. आमच्या पेल्यात तळाशी वेगळा थर दिसला, वर पेट्रोल आणि खाली गढूळ, जड पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. ते मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर उभ्या केलेल्या गाडीत हे बघायला मिळतं. टाकी पूर्ण रिकामी करून दोन लिटर ताजं पेट्रोल घाला.

आता जेट. कार्बोरेटर उतरवायचा, वाटीचे स्क्रू आणि मग जेट नेमक्या मापाच्या डिसमिसनं सोडायचे. भलता डिसमिस घातलात तर पितळी खाच झिजते आणि मग रडायची पाळी येते. एअर स्क्रू काढणार असाल तर आधी तो आत पिळून किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा. पायलट जेट उजेडाकडे धरा. भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि त्यातून उजेडाचा टिपका दिसला पाहिजे. आमच्यात काळोख. पेट्रोल आटून राहिलेला चिकट राप. त्यात सुई किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल खाते. मी मोटारीत भरायची ३८ गेजची तांब्याची तार वापरली, केसासारखी बारीक. तुम्ही जुन्या वायरीतली एकच कणी घ्या. रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये ठेवा, तार हलकेच फिरवा, मग हवा मारा.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली. चोक सोडला, टिकली. रेस दिली तर मात्र घुसमटली आणि मागून काळा धूर. एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि भाचा मागे सरला. आत नारळाच्या काथ्याचं आणि फिल्टरच्याच फोमचं मऊ घरटं, मध्ये उंदराच्या लेंड्या. इंजिन श्वास घेणार कुठून? उभ्या राहिलेल्या गाडीचं हे झाकण पहिल्याच दिवशी उघडा, चार स्क्रूंचं काम आहे. घरटं काढताना तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. आपल्याकडे पावसात लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या तापाचं, भय असतं. सायलेन्सरच्या तोंडावरही हात धरून बघा. सेल्फ मारताना हाताला वारा लागत नसेल तर नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असू शकतं.

करंट, पेट्रोल, हवा सगळं ठीक असूनही गाडी गप्प असेल तर दाब बघा. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. चांगलं इंजिन अंगठा उडवतं. तसं नसेल तर भोकातून चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा बघा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, फार टाइट असली तरी व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, म्हणून इंजिन खोलायच्या आधी टॅपेट तपासून घ्या. याच्या पुढचं काम मात्र इंजिनवाल्या मिस्त्रीचं.

चिपळूण भागातली जुनी गाडी घेत असाल तर एक जास्त. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्याखाली कितीतरी गाड्या गेल्या. सीटखाली, हेडलाइटच्या वाटीत, वायरिंगच्या जोडांत वाळलेला बारीक गाळ शोधा. ऑईल दुधाळ दिसलं तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक सगळीकडे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, तिथे जेट शोधत बसू नका. चावी फिरवली की पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद गूं असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज बघा. मीटरवरचा इंजिनाचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि मिस्त्रीला सांगा. सर्किटमध्ये टेस्ट लॅम्प खुपसू नका.

भाचा हल्ली ती गाडी रोज चिपळूणला नेतो. त्याला सांगून ठेवलंय की महिनाभर ठेवायची झाली तर कॉक बंद कर, वाटीतलं पेट्रोल काढ, बॅटरीची वायर सोड. आणि सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाल, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेव, म्हणजे चालू करताना दिसेल.