मुलांचं बोलणं वहीत कसं पकडायचं

माझ्या पहिल्या वहीत जुलै १९९८ मधली एक नोंद आहे : 'आज निळ्या डब्यावाला फार मजेशीर बोलला. हसून हसून पुरेवाट.' बस्स, एवढंच. तो काय बोलला ते लिहिलेलंच नाही. तेव्हा वाटलं असणार, एवढं गमतीचं कोण विसरतंय! मी विसरले. निळा डबा आठवतो, डब्यातला गूळ-तूप-पोळीचा लाडू आठवतो, वाक्य मात्र गेलं ते गेलंच.

कोल्हापुरात चोवीस वर्षं बालवाडीत काढली. त्यात अकरा वह्या भरल्या आणि बारावी नातवाच्या नावावर गेली. आता शेजारच्या लेकी-सुना येतात आणि म्हणतात, 'ताई, आमचं पिल्लू काय काय बोलतंय, लिहून ठेवायला पाहिजे.' ठेवा की. फक्त निळ्या डब्यासारखं करू नका.

मूल जे बोललं तेच लिहायचं, ही पहिली गोष्ट. त्याचं मराठी सुधारायचं नाही. एकदा शाळा सुटायच्या वेळी पाऊस लागला आणि फाटकात एकदम पाच-सहा जणांचे वडील छत्र्या घेऊन उभे राहिले. खिडकीच्या गजाला लटकलेली एक चार वर्षांची ओरडली, 'ताई, बाबे आले!' आता मी घरी जाऊन 'मुलीने सर्वांचे वडील आल्याचे सांगितले' असं लिहिलं असतं तर हाताला काय लागलं असतं? डबा-डबे, आंबा-आंबे, मग बाबा-बाबे. तिनं हिशोब बरोबर केला होता. चुकलं असेल तर मराठीचं.

'जाला' आणि 'करलं' यांचंही तेच. बसला, उठला, पळाला, मग 'जाला' का नाही? 'जा'मधून 'गेला' कुठून उपटला हे आपल्याला तरी कुठं सांगता येतंय! गंमत अशी की मूल आधी ऐकून ऐकून 'गेला' बरोबर म्हणत असतं आणि मध्येच एक दिवस 'आबा बाजारला जाला' सुरू होतं. आया घाबऱ्या होऊन येतात, 'ताई, येत होतं तेसुद्धा विसरला हो.' विसरलेला नसतो, त्याला नियम सापडलेला असतो आणि तो दिसेल त्या क्रियापदाला लावत सुटलेला असतो. हे दिवस थोडेच असतात. त्या दिवसांत वही हाताशी पाहिजे आणि दुरुस्तीची घाई नको. आपण बोलताना सहज 'हो, आबा गेला' म्हणावं आणि सोडून द्यावं. पोर आपोआप रुळावर येतं.

(एक सावधगिरी. पुण्याहून बदली होऊन आलेली एक आई काळजीत पडली होती, मुलगी घरी 'मी येतो, मी जेवतो' म्हणायला लागली म्हणून. मी म्हटलं, अहो, ती चूक नाही, ती कोल्हापूरकर झाली. इथं बायाबापड्या सर्रास असंच बोलतात. अशा नोंदीपुढे मी 'को.' लिहिते.)

दुसरी गोष्ट, आधीचं वाक्य. नुसतं मुलाचं वाक्य लिहिलं की सहा महिन्यांनी ते कोड्यासारखं वाटतं. माझ्या वहीत नुसतं 'उद्या कुठंय?' एवढंच असतं तर मलाही काही उमगलं नसतं. पण नोंद पूर्ण आहे :

'मुलगा, ३ वर्षं ८ महिने. सकाळी चपला काढताना. काल रंगपेटी मागत होता, मी म्हटलं होतं उद्या देते. आज आल्या आल्या :
– ताई, रंग.
– आज नाही, उद्या.
– काल पण उद्या म्हटलात.
– हो.
– मी झोपलो. उठलो. उद्या कुठंय?'

रंगपेटी द्यावी लागली. आपल्या भाषेत निदान काल आणि उद्या वेगळे आहेत हे नशीब, नाहीतर 'परवा' आहेच मुलांचा घात करायला. मागचाही परवा आणि पुढचाही परवा. 'परवा मामाकडं' असं मूल म्हणालं तर ते जाऊन आलं की जाणार आहे, हे विचारल्याशिवाय लिहू नका. एका पोरीनं स्वतःच सोय केली होती, 'झालेला परवा' आणि 'यायचा परवा'. मी अजून तेच वापरते.

वय नेहमी वर्षं आणि महिन्यांत लिहा. 'चार वर्षांचा' यात काही कळत नाही, चार पूर्ण आणि पावणेपाच यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बरोबर कोण होतं तेही लिहा. तारखेला आळस करू नका. झाली नोंद. 'किती गोड!', 'देवा, कसली ही पोरं!' असलं काही लिहायचं नाही, जागा वाया जाते. चार्ल्स डार्विननं आपल्या थोरल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या. मुलगा जन्मला डिसेंबर १८३९ मध्ये आणि त्या वहीवरून डार्विननं लेख छापला तो १८७७ मध्ये. त्यात एक नोंद आहे की मुलानं बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला : 'मम'. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत उठून बसले. तिकडं इंग्लंडात डार्विनचं पोर 'मम' आणि इकडं मंगळवार पेठेत आमचं पोर 'मंमं'! डार्विननं 'किती गोड' एवढंच लिहिलं असतं तर मला हा आनंद कुठून मिळाला असता?

आता वही कुठं ठेवायची. कपाटात ठेवली तर संपलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम करताना मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. वहीचंही तसंच, पोरं जिथं असतील तिथं ती गेली पाहिजे. घरात बोलण्याच्या जागा ठरलेल्या असतात : न्हाणीघर, स्कूटरची पुढची जागा, आणि रात्री दिवा मालवल्यानंतरची दहा मिनिटं. तिन्ही ठिकाणी वही नेता येत नाही, हे मान्य. तर मग हातावर लिहा. दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर लिहा. मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहायची. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी पान उलटलं आणि चष्मा खाली सरकवून विचारलं, 'हे बाबे कोण? पटावर तर नाहीत.' कुठंही लिहा, पण रात्री झोपायच्या आत वहीत उतरवा. सकाळपर्यंत वाक्य आपलं झालेलं असतं, मुलाचं राहत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर माझा अनुभव वाईट आहे. तो समोर धरला की मूल बोलायचं थांबतं आणि 'मला दाखव, मला दाखव' सुरू होतं. फार तर बाजूला जाऊन स्वतःच्या आवाजात वाक्य सांगून ठेवा.

आणि हसायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. मूल विनोद करत नसतं, ते काम करत असतं. प्रतिज्ञा म्हणताना एक मुलगा ठणठणीत आवाजात 'सारे भारतीय माझे पांडव आहेत' म्हणायचा. बांधव हा शब्द त्याच्या घरात कोण बोलणार? पांडव मात्र आजीच्या गोष्टीतून ओळखीचे. महिनाभर मी काही बोलले नाही. मग एक दिवस तोच माझ्याजवळ आला, कपाळाला आठ्या. 'ताई, पण पांडव पाचच असतात ना?' बघा, चूक त्याला स्वतःच खटकली होती. त्या महिन्यात मी एकदा जरी फिदीफिदी हसले असते तरी तो विचारायला आला नसता.

हसू आवरायची माझी युक्ती म्हणजे खडू पाडणे. टेबलाखाली वाकून खडू शोधायचा, निवांत शोधायचा, हसून घ्यायचं, तोंड पुसून वर यायचं. घरात खडू नसेल तर चमचा चालतो. ओट्याखाली डबे असतातच, तिथं डोकं घालावं.

एकदा मात्र मी चुकले, तेही घरच्याच पोराशी. नातू अडीच-तीन वर्षांचा असताना अंगणात धपकन पडला. आपण सगळेच म्हणतो तसं मी म्हटलं, 'काही नाही झालं, मुंगी मेली बघ!' तो रडायचा थांबला. गुडघे झटकले नाहीत, तिथंच बसून फरशीवर वाकला आणि बोटानं मुंगी शोधायला लागला. बराच वेळ शोधलं. मग वर बघून हळूच म्हणाला, 'तिच्या आईला सांगायला पाहिजे.' मी खो-खो हसले. वर संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा त्याला मध्ये उभं करून, 'म्हण की रे, मुंगीच्या आईला काय सांगायचं?' त्यानं म्हटलं. सगळे हसले. त्यानं परत म्हटलं, आता हातवारे करून. तिसऱ्यांदा कुणी न विचारता. पुढचा आठवडाभर तो मुद्दाम पडायचा आणि 'मुंगी मेली' म्हणून आमच्या तोंडाकडं बघायचा. ती मुंगी मीच मारली. तेव्हापासून घरात नियम आहे, मुलाचं बोलणं मुलासमोर पाहुण्यांना ऐकवायचं नाही आणि 'म्हण की रे' हे तीन शब्द बंद.

मुलाला आणखी बोलतं करायचं असेल तर 'का' विचारू नका. 'का' म्हटलं की मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. 'असं होय' म्हणा आणि गप्प बसा, किंवा नुसतं 'मग?'. नातू पाच वर्षं दोन महिन्यांचा असताना अंक म्हणत होता, '...सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस!' मी म्हटलं, असं होय. थोड्या वेळानं त्याची आई म्हणाली, एकोणतीस. त्याला ते पटलं नाही. तीस अजून आलेच नाहीत, त्यांच्यातून एक आधीच कसा काढायचा? तरी त्यानं मोठ्या मनानं घेतलं, एकोणचाळीस घेतलं, एकोणपन्नास घेतलं. शेवटी अठ्ठ्याण्णवला पोचला आणि ऐटीत म्हणाला, 'एकोणशंभर!' तिथं आपण नेमकं नव्याण्णव म्हणतो. तो चिडून उठूनच गेला.

पुढं २०१९ मध्ये, तो दुसरीत असताना, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' पद्धतीचं संख्यावाचन आलं आणि राज्यभर चेष्टा झाली. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा आधी येतात, वर जोडाक्षरं, त्यात मुलं अडकतात. मला तेव्हा हसू आलं नाही. वहीत 'एकोणशंभर' होतं ना माझ्या.

एक गोष्ट मात्र वहीतसुद्धा जपून. बालवाडीत भातुकलीचा कोपरा असतो आणि तिथं गावातली सगळी घरं उघडी पडतात. एक पोरगी लाकडी ठोकळा कानाला लावून, मांडी घालून, शेंगदाणे खात म्हणायची, 'निघालोय, निघालोय, रस्त्यातच आहे!' कुणाचा आवाज ते मला माहीत होतं, रोज न्यायला उशीर व्हायचा तिला. हे गमतीचं. पण सगळंच गमतीचं नसतं. भांडणंही तशीच्या तशी खेळली जातात, आणि ती मी लिहिली नाहीत, कुणाच्या आईला सांगितलीही नाहीत. अगदी काळजीचं वाटलं तर त्या घरी जाऊन बसले, पण पोराचं नाव न काढता. तुमच्या मुलानं शेजारच्या घरातलं काही आणून सांगितलं तर तेही वहीत नको. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच नको. माझ्या वह्यांत मुलांची नावं नाहीत, निळा डबा, दोन शेंड्या, सर्दीवाला अशीच ओळख आहे. तुमची वही घरचीच, तुम्ही नाव लिहा. फक्त मूल वाचायला लागलं की त्याला दाखवा आणि त्याला नको असलेलं पान त्याला फाडू द्या.

नातू आता तेरा वर्षांचा आहे. त्याला बारावी वही दिली. दोन दिवस घेऊन बसला होता. पान एकही फाडलं नाही, पण मागून उघडून शेवटच्या पानावर स्वतःच लिहायला सुरुवात केली आहे. परवा (झालेला) मी चोरून बघितलं :

'आजी, ६१ वर्षं ४ महिने. सकाळी, स्वयंपाकघरात. बरोबर आई होती. मी म्हटलं, आजी, तुझा चष्मा शोध ना, उशीर होतोय. आजी : थांब की, चष्मा सापडला की शोधते.'