रिओच्या पानात पेशीपटल सुटताना कसे पाहावे

खाजणाचा बांध फुटून भरतीचे पाणी खाचरात शिरले की भाताच्या मुळांना त्या खारेपणाची चाहूल पेशीपटलापाशी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यापाशी, लागते. या पटलाला आतून लगटून सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, जाळे असते. एका नलिकेची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असल्याने ती महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. पटलाची हालचाल मात्र अंगणातल्या रिओच्या (खालून जांभळी पाने असलेल्या शोभेच्या झाडाच्या) पानात स्वच्छ दिसते.

पान तिरके फाडून जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा गोड्या पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरावा आणि वर कव्हरस्लिप ठेवावी. निरोगी पेशीत रंग भित्तिकेपर्यंत, म्हणजे पटलाबाहेरच्या कडक भिंतीपर्यंत, भरलेला असतो. आता एका कडेला गाळलेले समुद्राचे पाणी (किंवा १०० मिलिलिटर पाण्यात ३.५ ग्रॅम मीठ) सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद लावावा. काही मिनिटांत पटल भित्तिकेपासून सुटते आणि रंगीत भाग आक्रसतो, हाच रससंकोच.

येथे थांबून बारकाईने पाहावे. मोठ्या भिंगाखाली प्रकाश कमी केला, तर पटलापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले अतिशय बारीक धागे काही पेशींत दिसू शकतात. वनस्पतिशास्त्रज्ञ हेश्ट यांनी १९१२ मध्ये वर्णिलेले हे धागे पटल भित्तिकेला जागोजागी धरून असल्याची खूण आहेत. भित्तिकेतले सेल्युलोज विणणारी प्रथिनांची संकुले याच पटलात बसलेली असून ती आतल्या सूक्ष्मनलिकांच्या वाटेने सरकतात, हे २००६ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या जिवंत पेशीत दिसले.

दुसऱ्या पापुद्र्याला साखरेचे दाट द्रावण द्यावे. पटल तसेच सुटेल, कारण रससंकोच हा पाणी बाहेर गेल्याचा परिणाम आहे. त्यालाच पेशीला मिळणारा खारेपणाचा संदेश समजण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. संदेशाचे काम पटलाच्या आतल्या बाजूस चालते: खारेपणामुळे फॉस्फोलिपेज डी हे विकर पटलातील मेदापासून फॉस्फॅटिडिक आम्ल तयार करते, ते आम्ल एमएपी६५-१ या प्रथिनाला जखडते आणि ते प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या जुड्या बांधून त्यांना स्थिर ठेवते. ही साखळीही ॲराबिडॉप्सिसमध्येच उलगडली आहे, म्हणून ती भाताला जशीच्या तशी लावू नये.

शेवटी खारे पाणी निम्मे पातळ करून, मग गोडे पाणी सावकाश द्यावे. रंग पुन्हा भित्तिकेपर्यंत पसरला तर पटल जिवंत आहे. रंग बाहेर पाझरला असेल तर त्या पेशीची नोंद धरू नये.