नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवताय? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. "दादा, सीहॉर्स पाळायचाय, पिल्लंही काढायचीत. जोडी कुठं मिळेल?" एकानं तर मेसेजमध्ये 'पाणघोडा' लिहिलं होतं. पाणघोडा म्हणजे हिप्पो, त्याला रामकुंडच लागेल. तुम्हाला हवा असतो तो समुद्री घोडा, बोटभर उंचीचा, शेपटीनं गवताला धरून उभा राहणारा.

पहिली चूक इथंच होते. समुद्री घोडा आणि त्याच्या कुळातले सगळे मासे २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. मासळीच्या जाळ्यात सापडलेला, वाळवलेला, जिवंत, कसाही असो, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. "हा परदेशी आहे, फार्मचा आहे" असं विकणारा सांगेल. पण जगभरातल्या सगळ्या समुद्री घोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांखाली आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. आयातीचे कागद आणि नोंदणी दाखवता येत नसेल तर त्या पिशवीला हात लावू नका. दोन जातींतला फरक ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं, दुकानदाराचं काय घेऊन बसलात. तसंच टणक प्रवाळाचे दगड आणि समुद्री पंखेही कायद्यानं संरक्षित आहेत. टाकीत दगड रचायचा असेल तर सिरॅमिकचा घ्या.

बरं, कायदा बाजूला ठेवला तरी समुद्री घोड्याला जठर नसतं. खाल्लेलं आतड्यातून झरझर पुढं जातं, म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा तरी मायसिससारखं (कोळंबीसारखे बारीक जीव) खाणं द्यावं लागतं. नोकरी करणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

त्यामुळे मी विचारणाऱ्याला क्लाउनफिशकडे, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या नारिंगी माशाकडे वळवतो. समुद्री घोड्यात बाप पोटावरच्या पिशवीत पिल्लं वाढवतो, याचंच कौतुक असेल, तर इथला बापही काही कमी नाही. अंडी घातल्यावर आठ दिवस तोच त्यांना पंखांनी वारा घालतो आणि मेलेली अंडी तोंडानं वेचून काढतो. हा मासा टाकीत वाढवता येतो, भारतात तो हॅचरीतही तयार होतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी आहे. समुद्रातून पकडलेला घेण्याऐवजी हॅचरीतला मागून घ्या. तो गोळी खातो आणि त्याचे रोगही कमी असतात.

आता नाशिकच्या चुका. पुस्तकातल्या चुका सगळीकडे सारख्याच असतात. या आपल्या हवेच्या आणि आपल्या नळाच्या आहेत.

मीठ आणि पाणी

किराणा दुकानातलं खडेमीठ घालून 'समुद्राचं पाणी' करणारे लोक मी पाहिलेत. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं हे खरं, पण त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेटही असतं. साध्या मिठात हे काही नसतं. अ‍ॅक्वेरियमचं मरीन सॉल्टच लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १२० लिटरच्या टाकीला चार किलोच्या आसपास. मुंबईला जाऊन कॅन भरून समुद्राचं पाणी आणण्याची हौस असेल तर तीही सोडा. किनाऱ्याजवळचं पाणी घाण असतं, आणि कसारा घाट चढेपर्यंत त्यातले सूक्ष्म जीव मरून पाणी कुजायला लागतं.

गोडं पाणी आरओचं घ्या. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातल्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावून बघा, ६०-७० आकडा दिसला तर तो कंट्रोलर बंद करून घ्या. नळाचं पाणी क्लोरीनचं आणि बोअरचं पाणी जड, दोन्ही टाळा.

यातली सगळ्यात महाग चूक मी स्वतः केली. मे महिना, बाहेर ४० अंश, टाकीवर पंखा. रोज दोन-अडीच लिटर पाणी उडून जायचं. मी काय करत होतो? तयार करून ठेवलेलं खारं पाणी वरून ओतत होतो. दोन आठवड्यांनी गोगलगायी उलट्या पडल्या आणि मासे तोंड वर करून भराभर कल्ले हलवायला लागले. हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा मोजायचं साधन) बुडवला तर काटा १.०३२ वर. असायला हवा होता १.०२५ च्या आत. मग डोक्यात प्रकाश पडला. उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं. वसई-उरणच्या मिठागरात जे होतं तेच माझ्या दिवाणखान्यात चाललं होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी साधं आरओचं पाणी घाला. टाकीच्या काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा, रोज त्या रेघेपर्यंत. आणि खारटपणा चढलाच असेल तर एका दिवसात खाली आणू नका, रोज एक-दोन हजारांश इतकाच उतरवा.

काढून टाकलेलं पाणी बाल्कनीतल्या झाडांना घालू नका, हे सांगायलाच हवं. गोड्या पाण्याच्या टाकीची सवय असते ना. आमच्या तुळशीनं ते भोगलं.

उन्हाळा, थंडी

चिलर महाग आहे म्हणून रडणाऱ्यांना मी सांगतो, नाशिकचा कोरडा उन्हाळा इथं तुमच्या बाजूनं आहे. माठ जसा गार होतो तशीच टाकी गार होते. वरचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला, तर दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं जमत नाही. पावसाळ्यात आपल्याकडेही जमत नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फाचे खडे टाकणं मात्र मूर्खपणा आहे. तापमान खाली-वर होतं आणि माशाला गरमीपेक्षा हा झोका जास्त बाधतो.

हिवाळ्यात उलटं. निफाडला पारा किती उतरतो ते पेपरात येतंच, शहरातही जानेवारीची पहाट दहाच्या खाली जाते. क्लाउनफिशला २६-२७ अंश हवेत. हीटर एकच मोठा घेऊ नका, १०० वॅटचे दोन घ्या. मोठ्या हीटरचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तर रात्रीत माशांचं कालवण होतं. दोन लहानांपैकी एक अडकला तर सकाळपर्यंत वेळ मिळतो.

वीज गेली तर? खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून ठेवा. हे एका ओळीत संपलं, पण याच एका ओळीमुळे लोकांचे मासे मरतात.

मुंबईहून आणलेली पिशवी

बहुतेक जण कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणतात. गाडीत चार-पाच तास. घरी आल्यावर प्रेमानं पिशवी उघडून त्यात थेंब थेंब टाकीचं पाणी सोडतात, दोन तास. आणि मासा त्या दोन तासांतच मरतो. मग दुकानदाराला शिव्या.

झालेलं असं असतं. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो. पीएच कमी असताना माशानं सोडलेला अमोनिया बहुतांशी अमोनियम रूपात असतो, जे फारसं विषारी नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि साठलेल्या अमोनियातला विषारी भाग वाढून कल्ल्यांवर हल्ला करतो. म्हणून पिशवी उघडण्याआधी बंदच तरंगू द्या, १५-२० मिनिटं, तापमान जुळण्यापुरती. मग उघडा, पिशवीच्या पाण्याचा खारटपणा लगेच मोजा. अनेक दुकानं परजीवी रोखायला आणि मीठ वाचवायला १.०१८ च्या आसपास पाणी ठेवतात. तुमची क्वारंटाइनची छोटी टाकी त्याच आकड्यावर आधीच तयार असेल तर (निघताना दुकानदाराला फोन करून विचारता येतं) मासा जाळीनं उचलून थेट तिकडं. पिशवीचं पाणी टाकीत नको.

क्वारंटाइन म्हणजे किमान चार आठवडे. नव्या क्लाउनच्या अंगावर पांढुरका चिकट थर दिसला, तो पंपाच्या झोताखाली उभा राहून धापा टाकायला लागला, तर ते ब्रूकलिनेला (एक परजीवी) असू शकतं. ते दोन दिवसांत मासा नेतं, त्यामुळे 'उद्या बघू' चालत नाही. मीठदाण्यासारखे पांढरे ठिपके असतील तर तो मरीन इक, म्हणजे दुसरा एक परजीवी रोग. तांब्याचं औषध फक्त क्वारंटाइनमध्ये, कारण मुख्य टाकीतल्या कोळंबी-गोगलगायींना ते मारतं.

आणि हो, टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मासा सोडू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर गप्पी पाळा, ते चांगले असतात.

जोडी जमवणं

"एक नर, एक मादी द्या" असं मागणारा ग्राहक दिसला की मला हसू येतं. क्लाउनफिशची सगळी पिल्लं आधी नर म्हणूनच वाढतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर. मादी मेली तर तो नर मादी होतो. म्हणजे दोन लहान मासे घ्या, एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा. जोडी आपोआप बनते. दोन मोठे, वाढलेले मासे एकत्र टाकलेत तर दोन माद्या एकमेकींचे पंख फाडतील. तिसरा मासा 'सोबत' म्हणून टाकणं तर त्याला शिक्षाच आहे.

अ‍ॅनिमोनी (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्यानं राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) हवाच, असं वाटणं हीही एक चूक. त्याला प्रखर उजेड आणि जुनी, स्थिर टाकी लागते. नव्या टाकीत तो सरकत सरकत पंपात जातो आणि वाटला जातो. माझी जोडी कुंभारवाड्यातून आणलेल्या, मातीच्या, वीतभर कुंडीत संसार करते. कुंडी आडवी ठेवलीय. तिथंच अंडीही घालतात.

अंडी आली, आता काय

अंड्यांच्या पहिल्या दोन-तीन खेपा आई-बापच खाऊन टाकतात. त्यात काही बिघडलेलं नसतं, कुंडी हलवू नका, औषध घालू नका. पुढची खेप दोन-तीन आठवड्यांनी येते.

अंडी आधी नारिंगी असतात, मग तपकिरी. सहाव्या-सातव्या दिवशी भिंगातून बघितलं की प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी डोळे चमकतात. २७ अंशांना आठव्या रात्री, दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांत फुटतात. त्यांना काळोखच लागतो. एकदा आमची अंडी आठव्या रात्री फुटेनात, नवव्या रात्रीही नाही. शेवटी लक्षात आलं की समोरच्या इमारतीचा नवा हॅलोजन थेट टाकीवर पडत होता. चादर लावली, त्याच रात्री फुटली.

पण फुटण्याच्या रात्री तुमच्याकडे रोटिफर (पिल्लांचं पहिलं खाणं असलेले सूक्ष्म जीव) नसतील तर सगळं वाया. ही सर्वात कॉमन चूक, आणि माझीही पहिली खेप यानंच गेली. मी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) उबवून तयार ठेवला होता. आर्टेमियाचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, क्लाउनच्या पिल्लाच्या तोंडात ते मावतच नाही. तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी बारीक राखेसारखा थर होता.

रोटिफरची बादली अंडी येण्याच्या महिनाभर आधी सुरू करा, आणि एक नाही, दोन. एकीतले रोटिफर केव्हातरी सगळे मरतातच, विशेषतः डिसेंबरात. खाणं म्हणून नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाचं हिरवं द्रव द्या. यीस्टवरही जगतात, पण पाणी नासतं. आणि आर्टेमियाची जाळी चुकूनही रोटिफरच्या बादलीत बुडवू नका, आर्टेमिया त्यांचं खाणं फस्त करतो. कुरिअरनं रोटिफर मागवायचे तर मे महिन्यात नको, माझी एक बाटली उकडलेलीच आली.

पिल्लांची टाकी २०-३० लिटरची, तीन बाजूंनी काळा कागद, त्यात आई-बापांच्याच टाकीचं पाणी, थोडं हिरवं, एक मंद बुडबुडा. मिलिलिटरला पाच-दहा रोटिफर. टॉर्च लावला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, मग मगानं अलगद उचला, जाळीनं कधीच नाही. पहिले चार-पाच दिवस फक्त रोटिफर, मग हळूहळू ताजा उबवलेला आर्टेमिया. जुना नको, काही तासांतच त्यातलं सत्त्व कमी होतं. तळाची घाण रोज एअर ट्यूबनं ओढून काढा, तीही बादलीत, कारण दोन-चार पिल्लं हमखास ओढली जातात.

दहाव्या दिवसाच्या आसपास कुठलंतरी एक पिल्लू पाण्यात तरंगायचं सोडून तळाशी येतं, आणि डोक्यामागं पहिला पांढरा पट्टा धूसर दिसतो. माझ्या दुसऱ्या खेपेत ४१ पिल्लं त्या पट्ट्यापर्यंत पोहोचली. घरच्यांनी विचारलं, एवढ्यांचं करणार काय? त्याचा विचार मी केलाच नव्हता, आणि दोन महिन्यांनी ती एकमेकांचे पंख कुरतडायला लागली तेव्हा इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत टाक्या शोधत फिरलो.