या चुका टाळा: गाणं आणि गेम, दोन्हींसाठी स्वस्तातला ओव्हर-इयर हेडफोन घेताना

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, सांगलीत विश्रामबागला खोली करून राहतो. गेल्या दिवाळीत दोन-अडीच हजारांत हेडफोन घ्यायचा म्हणून तो मला दुकानात घेऊन गेला. काउंटरवरचा हेडफोन कानाला लावून त्याने एक रिमिक्स वाजवलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "मामा, बेस बघा की कसला आहे!" मग तोच हेडफोन मी लावला आणि माझ्या मोबाइलवरचा तंबोरा सुरू केला. नुसता तंबोरा, गाणं नाही. खर्ज असा फुगून आला की त्याच्यावरचं काहीच नीट ऐकू येईना. मी नको म्हणालो. पण पैसे त्याने शिकवणी घेऊन साठवलेले होते, त्यामुळे निर्णयही त्याचाच.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, बाकीच्यांना गेममध्ये पावलं ऐकू येतात, मलाच येत नाहीत."

दुकानात जी खोट मला तंबोऱ्यात ऐकू आली, तीच त्याला गेममध्ये नडत होती. हे एवढं कळलं तरी निम्मी खरेदी सोपी होते, म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या बेसवर भुलणं

माझं बालपण मिरजेत गेलं. सतारमेकर गल्लीतून जाताना कुठे ना कुठे जवारी काढण्याचं काम चाललेलं असायचं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवायचा, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. जवारी नेमकी जमली की एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. खर्जाच्या तारेतून तर गंधारही ऐकू येतो, जो कोणी वाजवलेलाच नसतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात.

थोडा हिशेब मांडतो. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा असतो. स्वयंभू गंधार म्हणजे त्याची पाचपट, म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्झ. जवारीचा भुंग्यासारखा गुंजारव त्याच्याही खूप वर, काही हजार हर्ट्झपर्यंत जातो. स्वस्त हेडफोनमध्ये बऱ्याचदा ६० ते २०० हर्ट्झचा पट्टा मुद्दाम फुगवलेला असतो, कारण दुकानात तोच चटकन आवडतो. आणि आपल्या कानाचा स्वभाव असा, की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलट फारसं होत नाही. म्हणून खर्ज फुगला की गंधार बुडतो आणि गेममध्ये स्फोट घुमला की खडीवरच्या पावलांची करकर बुडते.

आपल्या भागात गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीने अनेक पोरांच्या कानांना छातीवर आदळणारा बेस म्हणजेच चांगला आवाज, अशी सवय लावली आहे. (हेडफोनच्या खोक्यावर छापलेल्या डॉल्बी या नावाचा मिरवणुकीतल्या त्या स्पीकरच्या भिंतींशी काही संबंध नाही, तेही लक्षात असू द्या.) बेस वाईट नाही. तबल्याच्या डग्ग्याला घुमारा हवाच. पण डग्गा घुमत असताना चाटीवरचा बोल स्पष्ट राहिला पाहिजे.

तेव्हा दुकानात जाताना तीन गोष्टी मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या: नुसता तंबोरा, तुम्हाला पाठ असलेलं एखादं गाणं आणि तुमच्या गेमचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. आवाज मध्यम ठेवून पाच-पाच मिनिटं ऐका. दुसरा हेडफोन पहिल्यापेक्षा जरा मोठा वाजत असेल तर तो उगाचच चांगला वाटतो, म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. एक सावधगिरी मिरजकरांसाठी खास. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, त्यामुळे त्यांची ध्वनिमुद्रणं आपल्या घरोघरी ऐकली जातात. पण खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या काळच्या तबकड्यांवर ना खोल खर्ज उमटला, ना वरची चमक. जीव ओतून ऐका, मात्र हेडफोनची परीक्षा त्यांच्यावर घेऊ नका.

भाच्याचा हेडफोन परत देण्याची मुदत टळली होती. मग मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, खालचा पट्टा पाच-सहा डेसिबलने उतरवला. पावलं बरीच वर आली. ज्यांनी आधीच घेऊन ठेवलाय त्यांनी नवा घेण्याआधी हे करून बघावं, फुकट आहे.

ब्लूटूथवर गेम खेळणं

साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच मागे धरतं. गेममध्ये तसं करता येत नाही. गोळी लागून जाते, मग आवाज येतो. गेम मोड असलेल्या हेडफोनमध्ये हा उशीर कमी होतो, पण तो बटण दाबून किंवा ॲपमधून चालू करावा लागतो आणि अनेकांनी तो कधी चालूच केलेला नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या डाँगलवर, म्हणजे यूएसबीत खुपसायच्या रिसीव्हरवर, चालणारे हेडसेट याबाबतीत खूपच बरे.

दुसरी तक्रार मी सारखी ऐकतो: "गाणं मस्त वाजतं, पण मित्रांशी बोलायला माईक चालू केला की सगळं डबड्यातून आल्यासारखं होतं." हेडफोन बिघडलेला नाही. माईक चालू झाला की साधं ब्लूटूथ फोनकॉलच्या पद्धतीवर जातं, आवाज दोन्ही कानांत एकसारखा होतो आणि त्याचा दर्जा टेलिफोनइतका उतरतो. विंडोज १०मध्ये असा हेडफोन दोन नावांनी दिसतो, एकापुढे स्टिरिओ आणि एकापुढे हँड्स-फ्री. ऐकण्यासाठी स्टिरिओवाला निवडा, बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा. आवाज जागेवर येतो.

माझं स्पष्ट मत सांगतो: पैसे मोजके असतील आणि गेम मनापासून खेळत असाल, तर वायरवालाच घ्या. त्याच किमतीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये पैशांचा एक वाटा बॅटरी आणि सर्किटकडे जातो, वायरवाल्यात तो आवाजाकडे जाऊ शकतो. बसमध्ये फिरताना वायर नकोच असेल, तर ब्लूटूथ असूनही ३.५ एमएमचं भोक असलेला बघा.

पिन न बघता घेणं

वायरवाला घेताना पिनेवरच्या काळ्या कड्या मोजा. तीन कड्या असतील तर त्याच पिनेत माईकही आहे. दोनच असतील तर फक्त ऐकता येईल. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. तीन कड्यांची पिन नुसती हिरव्यात खुपसली तर ऐकू येतं, पण माईक चालत नाही. एका पिनेच्या दोन पिना करणारा स्वस्तातला स्प्लिटर लागतो, बाकी काही नाही. त्यासाठी हेडसेट परत करणारे मी पाहिले आहेत.

मोबाइलला गोल भोकच नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल. तिथे एक फसगत होते. काही मोबाइल टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर देतात, काही देत नाहीत. दुसऱ्या प्रकाराला डॅकची, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी, चिप असलेलाच अडॅप्टर लागतो, साधा लावला तर मोबाइल गप्प. विकत घेताना डॅकवाला मागा, म्हणजे प्रश्न मिटतो.

आणि हा दोष ओळखता आलाच पाहिजे: गाणाऱ्याचा आवाज गायब, मागची वाद्यं मात्र विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात. पिन पुरती आत गेलेली नाही. मोबाइलचं जाड कव्हर आड येतं, नाहीतर भोकात खिशातला कापूस अडकलेला असतो. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई किंवा पिन घालू नका.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर. ५० एमएमचा ड्रायव्हर ४० एमएमपेक्षा चांगलाच असतो, असं नाही. मोठा भोपळा लावला म्हणून तंबोरा आपोआप गोड होत नाही. ७.१चंही, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येण्याच्या दाव्याचंही, तसंच. स्वस्त हेडसेटमध्ये दोन कानांना दोनच ड्रायव्हर असतात, सातही दिशा सॉफ्टवेअर तयार करतं. त्यातही घोळ कुठे होतो, तर हेडसेटचं ७.१ चालू, विंडोजचं सोनिक चालू आणि व्हॅलोरंटसारख्या गेममधलं एचआरटीएफही चालू. तिन्ही सोयी दिशा दाखवण्याच्याच. तिघं मिळून दिशांचा चिखल करतात. गेममधलं ठेवा, बाकी दोन बंद करा.

दिशाच कळत नसेल तर आणखी एक जागा तपासा. मोबाइल आणि विंडोज दोन्हींच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाचं बटण असतं. ते चुकून चालू राहिलं की डावं-उजवं संपतंच. आणि हेडफोन उलटा तर घातला नाही ना, तेही बघा.

ओहमचा आकडा मात्र कामाचा आहे. तो हेडफोनचा विजेला होणारा अडथळा सांगतो. मोबाइलसाठी ३२ ओहमच्या आसपासचा बरा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तिन्ही ओहममध्ये मिळतो. कोणी जुना २५०वाला स्वस्तात देत असेल तर मोबाइलवर तो मिणमिणता वाजेल.

एएनसी आणि ईएनसी यांत गल्लत करू नका. एएनसी तुमच्या कानात येणारा पंख्यासारखा सलग खालचा आवाज कमी करतं. ईएनसी फक्त तुमच्या माईकमधला गोंगाट समोरच्यासाठी कमी करतं, तुमच्या कानाला त्याचा उपयोग नाही. स्वस्त खोक्यांवर ईएनसीच मोठ्या अक्षरांत असतं.

ओव्हर-इयर म्हणून ऑन-इयर घरी येणं

ऑनलाइन यादीत दोन्ही एकाच नावाखाली मिसळलेले असतात. पॅडच्या आतल्या पोकळीचं माप बघा. आधी पट्टीने आपला कान मोजा, मोठ्या माणसाचा कान उंचीला साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर भरतो. पोकळी त्याहून लहान असेल तर पॅड कानावर टेकणार आणि तासाभरात कानाची पाळी दुखणार.

चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट घालून बघावं. काडीमुळे पॅड आणि कातडी यांत फट राहते आणि बेस तिथून निसटतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत रेक्झिनचे पॅड घामाने चिकटतात, पावसाळ्याच्या दमटपणात वर्ष-दोन वर्षांत त्यांचे काळे पापुद्रे मानेवर पडायला लागतात. कापडी पॅड गार राहतात, पण बाहेरचा गोंगाट थोडा जास्त आत येतो आणि बेस थोडा उतरतो. पॅड निघणारे आहेत का आणि सुटे मिळतात का, हे आधीच विचारा.

बाहेरचा आवाज किती अडतो हे चैनीचं नाही, कानाच्या तब्येतीचं आहे. गोंगाट आत आला की हात आपसूक आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. रात्रभर गेम खेळून उठल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर ती दमल्याची खूण नाही, कानाला झालेल्या इजेची आहे. पोरांनो, हे मी काळजीने सांगतोय. एकदा गेलेले वरचे स्वर परत येत नाहीत.

हेडफोनचा दोष नसताना त्याला दोष देणं

लॅपटॉपला चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येतो, काढला की थांबतो? मग दोष चार्जर किंवा घरातल्या अर्थिंगचा आहे. भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. घरमालकाला सांगून ती जोडून घ्या, हेडफोनपेक्षा तुमच्या जिवासाठी. डेस्कटॉपच्या पुढच्या भोकात किरकिर येत असेल तर मागचं भोक वापरून बघा.

एका कानातला आवाज गेला असेल तर गाणं चालू ठेवून पिनेजवळची वायर हळू वाकवा. आवाज येऊन-जाऊन असेल तर वायर आतून तुटली आहे. बरेचसे स्वस्त हेडफोन इथेच मरतात असं म्हटलं तर कोणी दुरुस्तीवाला वाद घालणार नाही. सुटी होणारी वायर असलेला हेडफोन दोनशे रुपये जास्त देऊनही घ्यावा तो यासाठी.

ब्लूटूथवाला घ्यायचाच ठरलं, तर त्यावर आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. नामवंत कंपनीची हुबेहूब नक्कल फुटपाथवर चारशेला मिळते, त्यातल्या बॅटरीची हमी कोण देणार?

पक्कं बिल घ्या आणि परतीची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून घ्या. त्या दिवसांत हेडफोन कपाटात ठेवू नका. पहिल्या रात्री तंबोरा आणि गाणं, दुसऱ्या रात्री चष्मा लावून सलग दोन तास गेम, तिसऱ्या रात्री माईक चालू करून मित्राशी गप्पा. मित्राला तुमचा आवाज कसा येतोय ते त्यालाच विचारा. खोकं आणि आतली पिशवी तोवर फाडू नका.