कालप्रवास करणाऱ्या मुलांची विनोदी पटकथा कशी बांधावी

कालप्रवासाच्या गोष्टीतल्या पळवाटा मोठी माणसं माफ करतात, मुलं करत नाहीत. ‘मग ते अजून एकदा मागे का नाही गेले?’ हा प्रश्न आठ वर्षांचं मूल थिएटरातच, मोठ्यानं विचारतं. म्हणून संवादांना हात लावण्याआधी यंत्राचे नियम ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. तीनच नियम पुरतात: किती मागे जाता येतं, परत कसं येतात आणि काय करता येत नाही. गोष्टीतल्या सर्वांत धाकट्या पात्राला ते एका दमात सांगता आले पाहिजेत. जमत नसेल, तर नियम कमी करा.

समजा, यंत्र म्हणजे चावीचं गजराचं घड्याळ. चावीचा एक पीळ दिला की मुलं एक तास मागे जातात, घड्याळ मात्र इथेच राहतं. गजर वाजला की मुलं परत, पण जिथून गेली तिथे नाही; त्या क्षणी घड्याळ जिथे असेल तिथे. आणि ज्या तासात एकदा जाऊन आलात, त्या तासात पुन्हा जाता येत नाही. सगळा विनोद दुसऱ्या नियमात आहे. आईनं घड्याळ पर्समध्ये टाकलं, की मुलं तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली उगवतात. उत्तरार्धातला ताणही तिथूनच येतो: कुणी वैतागून गजरच बंद केला तर? तिसरा नियम त्या थिएटरातल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि एका प्रसंगात एका मुलाच्या दोनच प्रती राहतील याचीही सोय करतो. तीन प्रती लिहायला गमतीच्या वाटतात, पण चित्रीकरणात जीव काढतात.

वस्तू निवडताना एक पथ्य पाळा: ज्यात मूल शिरून बसेल आणि आत अडकेल असं काही घेऊ नका. ‘बॅक टू द फ्युचर’च्या (१९८५) सुरुवातीच्या मसुद्यात कालयंत्र फ्रीजमध्ये बसवलेलं होतं. नक्कल करायला मुलं फ्रीजमध्ये शिरतील, या धास्तीनं तो बेत सोडून गाडी आणली गेली. हातात मावणारी, फिरवता येणारी, आवाज करणारी वस्तू उत्तम. आवाज तर हवाच. तो ऐकू आला की ‘आता काहीतरी होणार’ हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

पुढचा निर्णय: भूतकाळ बदलतो की नाही? बदलत नसेल, तर मुलांची धडपडच त्या गोंधळाचं कारण ठरते. बदलत असेल, तर एक चूक निस्तरताना दुसरी उभी राहते. मग जुनं कुणाला आठवतं हेही ठरवावं लागतं, आणि ‘फक्त जे गेले त्यांना’ हे सर्वांत सोपं उत्तर. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच गोष्टीत मिसळल्या की तर्क कोसळतो. विनोदासाठी पहिली पद्धत जास्त भक्कम. भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोविकोव्ह यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं सुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं, की भूतकाळात जाऊन केलेली कृती ही आधीपासूनच घडलेल्या इतिहासाचा भाग असते. पात्रांच्या तोंडी हे घालू नका. तुमच्या डोक्यात पक्कं असलं की झालं.

या प्रकारचा कणा म्हणजे दोनदा दिसणारा प्रसंग. तो शेवटाकडून लिहायचा असतो. आधी दुसरी फेरी पूर्ण ठरवा, मग तिच्यातले तीन आवाज किंवा खुणा पहिल्या फेरीत पेरा. उदाहरणार्थ, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. कॅमेरा स्वयंपाकघरात, ताई, धाकटा आणि आजी बोलताहेत. दिवे पंधरा सेकंद जातात. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीत फुलदाणी फुटते. धावत जाऊन बघतात तर दादाचा एक बूट गायब. आजी म्हणते, ‘व्होल्टेज गेलं असेल, आणि ही मांजर काही सुधारायची नाही.’ प्रत्येक खुणेला तिथल्या तिथे असं साधं कारण द्या. नाहीतर प्रेक्षक खूण मनात धरून बसतो आणि पुढची गंमत आधीच ओळखतो.

दुसऱ्या फेरीत मुलं फुलदाणी वाचवायला आलेली आहेत. स्वयंपाकघराच्या दारात स्वतःचीच सावली दिसते म्हणून ताई घाबरून दिवे घालवते, त्या अंधारात धाकट्याचा पाय बुटात अडकतो आणि धक्का फुलदाणीला लागतो. पायातून निघेना म्हणून बूट त्याच्यासोबतच जातो. कारणांची साखळी अशी एकमेकांत अडकलेली हवी. दिवे आणि फुलदाणी यांचा संबंध नसेल, तर तो निव्वळ योगायोग वाटतो आणि हसू येत नाही.

इथे सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. स्वयंपाकघरातले संवाद दुसऱ्या फेरीत भिंतीपलीकडून ऐकू येणार, तेव्हा पहिल्या फेरीचा आवाज स्वच्छ ध्वनिमुद्रित करा आणि तोच वापरा. दिवे जाण्यापासून फुलदाणी फुटेपर्यंत तो संवाद ११ सेकंदांचा असेल, तर अंधारात दबकत चालणं, बूट, धक्का हे सगळं ११ सेकंदांत बसलं पाहिजे. तालमीत स्टॉपवॉच लावून बघा. नाही बसलं, तर पहिल्या फेरीत आजीला एक वाक्य जास्त द्या. दुसऱ्या फेरीसाठी संवाद नव्यानं बोलून घेतला, की मुलं भरभर बोलतात आणि काहीतरी चुकतंय हे कारण न कळताही जाणवतं.

हिशेबासाठी एक तक्ता करा. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ, आणि त्यात पडद्यावरचा क्रम, गोष्टीतली घड्याळाची वेळ, कोणती प्रत (ताई-१, ताई-२), अंगावरचे कपडे, हातातल्या वस्तू, यंत्र कुठे आहे आणि कुणाला काय माहीत आहे. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. विनोद तर त्यावरच उभा असतो: प्रेक्षकाला पात्रापेक्षा एकच गोष्ट जास्त माहीत हवी. तक्ता झाला की तो घड्याळाच्या वेळेनुसार पुन्हा लावा आणि प्रत्येक वस्तूचा माग काढा. ताई-२ नं ताई-१ ला किल्ली दिली आणि तीच किल्ली पुढे ताई-२ घेऊन आली, तर ती मुळात आली कुठून? अशी बिनजन्माची वस्तू सापडली की काढून टाका.

लांबी ९० मिनिटं धरा. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा १२ पॉइंट कुरिअर टाइपातल्या ठरावीक इंग्रजी मांडणीचा आहे. देवनागरीत मोठ्यानं वाचून वेळ लावणंच खरं. पहिली उडी पंधराव्या मिनिटाच्या आत हवी आणि एकूण पाच-सहा उड्या पुष्कळ झाल्या.

कुटुंबाची गोष्ट आहे, तेव्हा एक लांब उडी ठेवा: नात अकरा वर्षांची आणि समोर अकरा वर्षांचीच आजी. आजी आज ६६ ची असेल, तर उडी ५५ वर्षांची. घड्याळाच्या मागे दुसरी चावी आहे, हे त्यासाठी पहिल्या अर्ध्या तासातच दिसू द्या. त्या काळात मुलांचं बिंग फोडायला खिशातलं नाणं पुरेसं आहे, कारण त्याच्यावर साल छापलेलं असतं. मात्र मोठ्यांना मूर्ख दाखवू नका. त्यांना काही दिसत नाही, कारण ती त्यांच्या खऱ्याखुऱ्या कामात बुडालेली आहेत. तसं दाखवलं की घर खरं वाटतं आणि हसूही येतं.

मसुदा झाला की ८ ते १२ वयाच्या पाच-सहा मुलांना वाचून दाखवा. पहिल्या उडीनंतर थांबा आणि यंत्राचे नियम प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन विचारा. उत्तरं जुळली नाहीत, तर दोष मुलांचा नाही. तो प्रसंग पुन्हा लिहा.

दोन प्रती एकाच चौकटीत दाखवायच्या, तर तीच चौकट दोनदा चित्रित करून दोन्हींचा अर्धा-अर्धा भाग जोडायचा. क्रम असा:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर, पायांना वाळूच्या पिशव्या. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही हातानं पक्के करा. ऑटो राहिलं, तर दोन्ही बाजूंचा रंग जुळत नाही.
२. जोडाची रेषा दाराच्या चौकटीसारख्या उभ्या कडेवर घ्या. मूल ती रेषा ओलांडणार नाही आणि त्याची सावलीही ओलांडणार नाही, हे बघा.
३. जी प्रत संवाद पुढे नेते ती आधी चित्रित करा. दुसऱ्या वेळी तोच आवाज मुलाच्या कानातल्या छोट्या इअरपीसमध्ये सोडा.
४. नजरेसाठी स्टँडवर मुलाच्याच डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावा. हे चुकलं, की दोघं एकमेकांच्या कपाळाकडे बघत बोलतात.
५. शेवटी माणसांशिवाय रिकामी चौकट काही सेकंद घेऊन ठेवा.

खिडकीतून ऊन येत असेल, तर दोन्ही फेऱ्या लागोपाठ उरकाव्या लागतात, आणि कपडे बदलण्यातच वेळ जातो. अशा प्रसंगाला पडदे ओढून दिव्यांवर काम करणं सोपं. प्रतींनी एकमेकींना हात लावायचा असेल, तर जोड विसरा. त्याच उंचीचं, तशाच केसांचं दुसरं मूल पाठमोरं घ्या आणि खांद्यावरून चित्रित करा.

कलाकार निवडताना दातांकडे बघा. साधारण सहा ते आठ या वयात समोरचे दुधाचे दात पडतात. गोष्ट एका दिवसाची असेल आणि चित्रीकरण दोन महिने चालणार असेल, तर मधेच खिंड पडते. केसही महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात. धाकटं पात्र सातचं असलं, तरी नऊ-दहाचं लहानखुरं मूल घ्या, आणि दोनदा दिसणाऱ्या प्रसंगाच्या दोन्ही फेऱ्या एकाच आठवड्यात संपवा. तरीही एखादा दात हलायला लागलाच, तर दंतवैद्याकडून काढता-घालता येणारा खोटा दात करून घेता येतो. त्यासाठी चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी मुलाचे हसतानाचे जवळून फोटो काढून ठेवा.