माडीवरच्या खोलीत स्टुडिओ करायचाय? माईक नंतर घ्या

मिरजेतनं नवा तानपुरा आणला की घरी येऊन पहिलं काय वाटतं, रेकॉर्ड करून ऐकावं. मग माणूस माईक बघायला लागतो आणि सगळे पैसे तिथंच घालवतो. मीपण घालवले. माईक चांगलाच होता ओ, खोली वाईट होती.

तर आधी खोली. सांगलीत घर गावभागात नाहीतर नदीच्या अंगाला असेल तर तळमजला डोक्यातनं काढून टाका, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलेलं आठवा. माडीवरची, रस्त्याच्या मागच्या अंगाची खोली धरा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वेगळी पाहिजेत. तिन्ही १० फूट असली तर तेच ठरावीक सूर तिन्हीकडनं घुमणार.

घुमणं म्हणजे काय ते माझ्याच खोलीवरनं सांगतो. हिशोब सोपाय, ३४३ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला इतके मीटर) समोरासमोरच्या भिंतींतल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं, अंतर मीटरमध्ये, की त्या भिंतींत घुमणारा सगळ्यात खालचा सूर मिळतो. माझी रुंदी ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर, उत्तर आलं ७० हर्ट्झ. आता तानपुरा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावला की खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार बरोब्बर ६९ च्या आसपास! तीन तारा झकास आणि खर्ज छेडला की भिंतीजवळ नुसता भोंगा. मी महिनाभर तानपुऱ्यालाच नावं ठेवली, शेवटी मिरजेला परत घेऊन गेलो, कारागिरानं मांडीवर घेऊन दोनदा छेडला आणि म्हणाले, "वाद्य बरोबर हाय, घर बघा."

मग मी फोम चिकटवला, भिंतभर. ते काळं पिरॅमिडवालं. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, त्यामुळं खर्जाचा भोंगा तसाच राहिला आणि जवारीचा (तार घोडीवर घासून येणारा) झंकार मेला, तानपुरा वाकळंत गुंडाळून वाजवल्यागत. अंड्याचे ट्रे तर विचारूच नका, त्यात झुरळंच होतात.

खालचा सूर आवरायला जाडी लागते. सुताराकडनं ४ बाय २ फुटाच्या, ४ इंच खोल चौकटी करून घ्या, आत ४८ डेन्सिटीचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, भरा, वरनं मांजरपाट ताणून पिना मारा. कापडातनं फुंकर आरपार गेली पाहिजे, रेक्झिन नको. भरताना मास्क, हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. चार चौकटी चारी कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करा, मागं पोकळी राहू द्या. दोन बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासनं ३-४ इंच सोडून. मग थांबा आणि टाळी वाजवा, टर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज आला तर अजून एखादी लावा, नाही आला तर बास. खोली पार बहिरी करू नका, वाद्याला थोडी भिंत पाहिजेच.

आता बाहेरचा आवाज. त्याचा आणि या चौकटींचा काही संबंध नाही, हे निम्म्या लोकांना पटतच नाही. बाहेरचा आवाज अडतो वजनानं आणि फटी बुजवून. पोकळ फ्लश डोअर काढून भरीव दार बसवा, कडेनं रबराची पट्टी मारा, आणि उंबरा करा, हल्ली कुणी करत नाही पण दाराखालच्या फटीतनंच निम्मं गाव आत येतं. खिडकीला आतनं दुसरी काच, पहिलीपेक्षा वेगळ्या जाडीची, मधे चारेक इंच जागा सोडून. एवढं करूनपण सीझनला गाणी लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर काय थांबत नाही, त्याचा धडधडाट भिंतीतनंच येतो. त्याला घरात घर अशी वेगळी खोली उभी करावी लागते, ते आपल्या खिशाचं काम नाही. ट्रॅक्टर गेला की परत टेक घ्यायचा.

विजेचं थोडक्यात. अर्थिंग वायरमनकडनं तपासून घ्या, आणि स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग बंद, नाहीतर सगळ्यात भुणभुण येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच आवाज स्वच्छ होतो. कंडेन्सर जातीच्या माईकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माईकच्या वायरीतनंच जाणारी वीज) लागते, इंटरफेसवरचं, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावरचं, बटण दाबायचं राहतं आणि लोक माईक परत करायला जातात.

सेटिंग २४ बिट, लेव्हल मोठ्यात मोठ्या आवाजाला वजा १२ डेसिबलच्या आसपास. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पल, म्हणजे हेडफोनमधे आवाज उशिरा येत नाही. पंखा बंद. एप्रिल-मे मधे पहाटे चारला बसा, तेव्हाच काय ते जमतं.